कलमी संत्र्याची बुंधाकूज : ओळख, कारणे आणि उपाय

विदर्भातील अमरावती व नागपूर या जिल्ह्यांच्या ग्रामीण जीवनात संत्र्याला असलेले स्थान सर्वश्रुत आहे. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, काटोल, नरखेड या तालुक्यांत घरचे लग्नकार्य, मुलांचे शिक्षण आणि बँकेचे देणे यांचा हिशेब आंबिया किंवा मृग बहराच्या उत्पन्नावर बसवला जातो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी हे फळझाड या भागात आणले, असे सांगितले जाते. पुढे काळ्या जमिनीच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या आधाराने ते या भूमीचेच होऊन गेले. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला.

अशा या बागांत दरवर्षी एक दृश्य पाहावयास मिळते. आठ-दहा वर्षांचे, ऐन भरातील एखादे झाड एका बाजूने पिवळे पडू लागते. पाने गळतात, शेंड्याकडून फांद्या वाळत येतात आणि दोन-तीन हंगामांत ते झाड सरपणाच्या ढिगात जमा होते. पुढील वर्षी त्याच्या शेजारचे झाड त्याच वाटेने जाते. खत कमी पडले, पाणी कमी पडले, की झाडाचे वयच झाले, याचा विचार घरात चालू असतो. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा दोष खताचा नसतो आणि पाण्याच्या कमतरतेचाही नसतो. झाडाचा बुंधा, जमिनीलगतच्या वीतभर भागात, सालीच्या आत कुजलेला असतो. या रोगास बुंधाकूज म्हणतात. सालीतून डिंक पाझरत असल्यामुळे तो डिंक्या या नावानेही ओळखला जातो.

हा रोग कलमी झाडाच्या रचनेशी निगडित आहे. म्हणून त्याचे उपाय समजून घेण्यापूर्वी कलम म्हणजे काय, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

एका झाडात दोन झाडे

संत्र्याचे बागेतील प्रत्येक झाड वस्तुतः दोन झाडांचे मिळून झालेले असते. खाली मुळे आणि बुंध्याचा आरंभीचा भाग जंबेरीचा किंवा रंगपूर लाइमचा असतो. यास खुंट असे म्हणतात. त्यावर जातिवंत संत्र्याच्या काडीवरील डोळा बसवला जातो आणि त्या डोळ्यापासून वरचे सर्व झाड वाढते. खुंटाने जमिनीतील पाणी व क्षार वर द्यावयाचे, संत्र्याच्या पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न खाली मुळांना पोचवावयाचे, असा हा परस्परांच्या आधाराचा संसार आहे. दोघांची गाठ जेथे पडते तो कलमाचा सांधा होय.

रोपवाटिकेत हा डोळा जमिनीपासून सुमारे २० ते २५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे साधारण वीतभर वर भरला जातो. ही उंची कामाच्या सोयीसाठी ठरलेली नाही. संत्र्याची साल ओल्या मातीच्या सान्निध्यात टिकत नाही. म्हणून ती मातीपासून दूर ठेवावी आणि मातीशी नित्याचा संबंध तुलनेने काटक अशा खुंटाचा यावा, हा तिच्यामागील हेतू आहे. हा सांधा जोवर उघडा, उंच आणि कोरडा आहे, तोवर झाडाचे रक्षण होते. तो मातीखाली गेला की कलमामुळे मिळणारे संरक्षण संपुष्टात येते. या लेखातील सर्व विवेचनाचे सार या एका गोष्टीत आहे.

पाण्यावाटे येणारा शत्रू

बुंधाकुजीस कारणीभूत होणाऱ्या सूक्ष्म जीवाचे नाव फायटॉप्थोरा. जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी १८७६ मध्ये हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा विनाशक असा होतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नष्ट करून भीषण दुष्काळ घडवणारा रोग याच कुळातील दुसऱ्या जातीमुळे उद्भवला होता. फायटॉप्थोराची गणना दीर्घकाळ बुरशीत होत असे. आता मात्र तो खऱ्या बुरशींपेक्षा शेवाळवर्गीय जीवांना अधिक जवळचा मानला जातो. हा भेद केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचा नाही. खऱ्या बुरशीवर गुणकारी ठरणारी कार्बेन्डाझिमसारखी औषधे फायटॉप्थोरावर परिणाम करीत नाहीत. बुरशीनाशक म्हणून हाती येईल ते औषध ओतले असता खर्च होतो आणि झाड मात्र वाचत नाही, याचे एक कारण हेच आहे.

हा जीव जमिनीत सुप्तावस्थेत दीर्घकाळ राहू शकतो. जमीन पाण्याने चिंब झाली की त्याचे अतिसूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. त्यांना शेपटीसारखे दोन तंतू असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते पाण्यात पोहतात. कोवळ्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांकडे ते आकर्षित होतात आणि मुळांच्या अग्रांतून किंवा बुंध्यावरील जखमा व भेगांतून आत शिरतात. कोरड्या मातीत त्यांना प्रवास करता येत नाही. पाटाने एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे आणि एका शेतातून खालच्या शेतात वाहत जाणारे पाणी हेच त्यांचे वाहन होय.

सालीत शिरल्यानंतर हा रोग आतील जिवंत थर नष्ट करतो. पानांत तयार झालेले अन्न याच थरातून मुळांकडे जात असते. ही वाट बंद झाली की मुळे उपाशी पडतात. मात्र जमिनीतील पाणी वर नेणारा लाकडाचा भाग काही काळ शाबूत राहतो, त्यामुळे वरचे झाड अनेक महिने हिरवेच दिसते. किंबहुना, मरणाच्या वाटेवरील झाड कधीकधी अवेळी भरघोस फुलते आणि त्यावर लहान लहान फळांचे झुबके लागतात. तो बहर समृद्धीचा नसून संकटाची सूचना असते.

इतिहासाने दिलेला धडा

लिंबूवर्गीय झाडांवर कलम करण्याची पद्धत जगभर व्यापारी प्रमाणावर रूढ होण्यास हाच रोग कारणीभूत झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर १८३० च्या दशकात संत्रावर्गीय झाडे बुंध्याशी कुजून मरू लागली. त्या काळी झाडे बहुधा बियांपासून किंवा फांद्यांपासून तयार केलेली, म्हणजे आपल्याच मुळांवर उभी असत. पुढील काही दशकांत हा रोग भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात पसरला आणि १८६० च्या दशकात इटलीतील लिंबाच्या बागांचे त्याने मोठे नुकसान केले. तेथील बागाइतदारांच्या असे ध्यानात आले की, कडू नारिंगाचा बुंधा या रोगास दाद देत नाही. तेव्हापासून कडू नारिंगाच्या खुंटावर गोड संत्री व लिंबे बांधण्याचा प्रघात पडला. अशा रीतीने बुंधाकुजीवरील उपाय म्हणून कलमाचा प्रसार झाला.

परंतु कोणताही खुंट सर्वगुणसंपन्न नसतो. १९३० नंतर ब्राझील व अर्जेंटिना या देशांत मावा किडीमार्फत पसरणाऱ्या ट्रिस्टेझा या विषाणुरोगाने कडू नारिंगावरील लक्षावधी झाडे नष्ट केली. त्यानंतर ब्राझीलने मोठ्या प्रमाणावर रंगपूर लाइमचा आश्रय घेतला. ज्या रंगपूर गावाचे नाव या झाडाला मिळाले ते आज बांगलादेशात आहे. आपल्याकडे प्रचलित असलेले जंबेरी आणि रंगपूर लाइम हे दोन्ही खुंट ट्रिस्टेझास बऱ्यापैकी तोंड देतात. तथापि बुंधाकूज व मूळकुजीच्या बाबतीत जंबेरी पूर्णपणे निर्धास्त नाही. त्या मानाने रंगपूर लाइम अधिक सोशिक आहे. तात्पर्य, खुंट चांगला निवडला म्हणजे काळजी संपली असे मानता येत नाही.

सांधा मातीखाली कसा जातो?

रोपवाटिकेत वीतभर उंचीवर असलेला सांधा बागेत आल्यावर खाली का जातो, याची कारणे साधी आहेत. लागवडीच्या वेळी रोप वाऱ्याने पडू नये म्हणून ते खोल लावले जाते. खड्ड्यातील भुसभुशीत माती पहिल्या पावसाने खाली बसते आणि तिच्याबरोबर रोपही खचते. वखरणी-डवरणीच्या वेळी खोडाशी माती ओढली जाते. शेणखताचा ढीग बुंध्यालगत घातला जातो. उताराच्या शेतात वरून वाहून आलेली माती दरवर्षी थोडीथोडी साचते. पाच-सहा वर्षांनी पाहावे तर सांधा दिसेनासा झालेला असतो.

यावर भर म्हणून पाणी देण्याची पारंपरिक पद्धत येते. खोडाभोवती एकच आळे करून त्यात पाट सोडला की बुंधा तासन्‌तास पाण्यात उभा राहतो. विदर्भातील भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि तिचा निचरा मंद असतो. श्रावण-भाद्रपदातील झडीत अशा जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि फायटॉप्थोराला मात्र अनुकूल परिस्थिती लाभते.

रोगाची ओळख

रोगाची पहिली खूण बुंध्यावर दिसते, पानांवर नव्हे. म्हणून बागेत फिरताना नजर वर न ठेवता खाली ठेवावी. सांध्याच्या आसपास सालीवर ओलसर, काळपट डाग दिसतो आणि त्यातून तांबूस डिंक पाझरतो. हा डिंक पाण्यात विरघळणारा असल्याने जोराच्या पावसानंतर तो धुऊन जातो. त्यामुळे डिंक दिसत नाही म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढू नये. स्वच्छ चाकूने साल हलकेच खरवडून पाहावी. निरोगी सालीखाली हिरवट-पांढरा थर दिसतो. रोगट भागात तो तपकिरी झालेला असतो. पुढे ही साल वाळते, उभी तडकते आणि सुटून पडते.

पानांच्या शिरा पिवळ्या पडणे, पाने गळणे आणि शेंडे वाळणे ही नंतरची लक्षणे होत. मुळांची तपासणी करावयाची असल्यास झाडाच्या घेराखालील वरच्या थरातील बारीक तंतुमुळे उकरून बोटांत धरावीत. रोगट मुळाची साल मोज्याप्रमाणे सरकून निघते आणि आतील दोऱ्यासारखा भाग हाती राहतो. साल खाणारी अळी किंवा अवजाराची जखम यांमुळेही डिंक येऊ शकतो. म्हणून शंका आल्यास कृषी विभागाचे कर्मचारी किंवा कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून खात्री करून घेणे श्रेयस्कर ठरते.

लागण झालेल्या झाडावर उपचार

रोग बुंध्याच्या अर्ध्या घेरापेक्षा कमी भागात असेल तर झाड वाचण्याची आशा चांगली असते. रोगाने संपूर्ण घेर वेढल्यावर मात्र उपचारांचा उपयोग होत नाही. उपचारांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. बुंध्यालगतची माती हलक्या हाताने दूर करून सांधा आणि मुख्य मुळांचा आरंभ उघडा करावा. त्यास वारा व ऊन लागू द्यावे. पुष्कळदा निम्मे काम एवढ्यानेच होते.

२. धारदार, स्वच्छ चाकूने रोगट साल आणि तिच्या कडेची थोडी निरोगी साल काढून टाकावी. आतील लाकडास इजा करू नये. खाली गोणपाट अंथरून खरवडलेले तुकडे गोळा करावेत आणि बागेबाहेर जाळावेत.

३. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का द्रावणाने, म्हणजे एक लिटर पाण्यात १० ग्रॅम या प्रमाणात, धुवावी.

४. जखम सुकल्यावर तिच्यावर बोर्डो मलम लावावे.

५. एका झाडावर वापरलेला चाकू निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडास लावू नये.

बोर्डो मलम घरी तयार करता येते. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आहे. पाणी निम्मे निम्मे घेऊन एकात मोरचूद विरघळवावे, दुसऱ्यात चुना फोडून गार होऊ द्यावा आणि नंतर दोन्ही एकत्र ढवळावीत. लोखंडी वा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. मातीचे किंवा प्लॅस्टिकचे वापरावे. मिश्रणात लोखंडी खिळा काही क्षण बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी आहे असे समजून आणखी थोडी निवळी घालावी. मलम त्याच दिवशी वापरावे. हाताळताना हातमोजे घालावेत आणि मोरचूद मुलांच्या हाती लागणार नाही याची दक्षता घ्यावी. फ्रान्समधील बोर्दो परिसरात द्राक्षवेलींच्या रोगावर हे मिश्रण प्रभावी ठरते, असे मियार्दे यांनी १८८५ मध्ये जगापुढे मांडले. एवढ्या वर्षांनंतरही अल्प खर्चातील हा उपाय टिकून आहे.

निरोगी झाडांच्या खोडासही पावसाळ्यापूर्वी मे-जूनमध्ये आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावणे हितावह असते. रोगाचा जोर अधिक असल्यास मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम या गटांतील औषधे उपलब्ध आहेत. ती कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्याने व वेष्टनावर दिलेल्या मात्रेतच वापरावीत. सांधा मातीखाली आणि बुंधा पाण्यात ठेवून केलेली औषधयोजना मात्र फार काळ उपयोगी पडत नाही.

प्रतिबंध : पाणी, निचरा आणि रोप

बुंधा कोरडा ठेवण्यासाठी दुहेरी आळे पद्धत सोपी आहे. खोडाभोवती सुमारे फूट-दीड फूट अंतरावर मातीचे आतील कडे करावे आणि पाणी त्याच्या बाहेरील आळ्यातच द्यावे. पाणी हवे असणारी तंतुमुळे झाडाच्या घेराखाली पसरलेली असतात, बुंध्याशी नसतात. त्यामुळे झाडाचे काहीही नुकसान होत नाही. ठिबक संच असल्यास झाड वाढेल तसे ठिबकण्या खोडापासून दूर सरकवत न्याव्यात. पाट एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात न सोडता प्रत्येक आळ्यास स्वतंत्र पाणी द्यावे. भारी जमिनीत ओळींच्या मधून उताराच्या दिशेने चर काढून पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यावे. नवीन लागवड शक्यतो उंच गादीवर करावी आणि माती बसल्यावरही सांधा वीतभर वर राहील, असे रोप लावावे. मेलेले झाड मुळांसह काढावे, खड्डा उन्हाळाभर तापू द्यावा. त्याच ओल्या खड्ड्यात लगेच नवे रोप लावण्याची घाई करू नये.

रोगाचा उगम पुष्कळदा रोपाबरोबरच होतो. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट परिसर संत्रा कलमांसाठी प्रसिद्ध आहे आणि दूरदूरचे शेतकरी तेथून रोपे नेतात. जुन्या बागेच्या मातीत, वर्षानुवर्षे त्याच जागी वाढवलेल्या रोपांच्या मुळांना चिकटून हा रोग नव्या शेतात जाऊ शकतो. नागपूर येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या आणि आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने निर्जंतुक केलेल्या मातीत, पिशव्यांमध्ये आणि जमिनीपासून अलग रोपे वाढवण्याची पद्धत विकसित केली आहे. रोपे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत, सांध्याची उंची मोजावी, एखाद्या रोपाची मुळे पाहावीत आणि पावती जपून ठेवावी.

गावाची सामूहिक जबाबदारी

बुंधाकूज ही एका शेतकऱ्याची खासगी बाब राहू शकत नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. वरच्या बागेतील रोगट माती पहिल्या पुराबरोबर खालच्या बागेत येते. शेतांमधील नैसर्गिक ओघळ बुजवले गेले तर पाणी कोणाच्या तरी बुंध्याशी तुंबणारच. म्हणून पावसाळ्यापूर्वी गावशिवारातील चर व ओघळ मोकळे करण्याचा विषय ग्रामसभेपुढे घेणे, बांधावरून होणारे वाद सामोपचाराने मिटवणे, मे महिन्यात बागांच्या पाहणीसाठी एक दिवस ठरवून कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांस निमंत्रित करणे, ही कामे पंचायत सदस्यांना सहज करता येण्यासारखी आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस शाळेजवळच्या बागेत नेऊन खुंट, सांधा आणि साल यांची ओळख करून दिल्यास वनस्पतिशास्त्राचा पाठ जिवंत होईल आणि घरी गेल्यावर ती मुले आपल्या बागेतील सांधे शोधू लागतील. औषधे हाताळण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

१९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग कार्यक्रमापासून राज्यात फळझाडांच्या लागवडीस मोठी चालना मिळाली. लावलेली झाडे टिकवणे हे लागवडीइतकेच महत्त्वाचे कार्य आहे. संत्र्याचे झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. आठव्या वर्षी ते गेले तर गेलेला काळ कोणत्याही अनुदानाने परत आणता येत नाही. त्या तुलनेत बुंध्यापाशी बसून, वीतभर माती दूर करून सांधा पाहण्यास काही क्षण पुरतात. येत्या मृग नक्षत्रापूर्वी संत्रापट्ट्यातील प्रत्येक बागेत हे काम एकदा झाले, तर पुढील पावसाळ्यात हकनाक मरणारी असंख्य झाडे उभी राहतील.